मक्याच्या सापांची सोयरीक

कुणी नवीन बाई भेटली आणि तिने विचारलं, "तुम्ही काय काम करत होता?" की मी सांगते, "लग्नं जुळवत होते." बाई लगेच खुर्ची पुढे ओढते. तिच्या घरात कुणीतरी लग्नाचं असतंच. मग ती विचारते, "कुठल्या मंडळींची?" मी म्हणते, "सापांची." खुर्ची जशी पुढे आली तशी मागे जाते.

पण त्यात खोटं काहीच नाही. मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडे एका डॉक्टरांचं फार्महाऊस आहे. तिथे मी बरीच वर्षं पाळीव सापांची पैदास सांभाळली. डॉक्टर दातांचे. आठवडाभर कल्याणला लोकांच्या दाढा काढायच्या आणि शनिवार-रविवार इकडे येऊन सापांच्या तोंडात डोकवायचं. दिवसभर तोंडं बघणाऱ्या माणसाला विरंगुळ्यालाही तोंडंच का लागावीत, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्याआधी मी शहापूरला एका पोल्ट्रीच्या हॅचरीत होते. डॉक्टरांनी मला घेतलं ते त्याच्यामुळेच. "सुमनताई, तुम्हाला अंडी कळतात," असं म्हणाले. मला कोंबडीची अंडी कळत होती, आणि त्यानेच पहिल्या वर्षी घोळ होणार होता. कोंबडीचं अंडं मशिनमध्ये सारखं फिरवावं लागतं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. सापाचं अंडं मात्र जसं पडलं तसंच ठेवायचं. उलटं झालं तर आतलं पिल्लू मरतं. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करायची आणि लांब बसायचं. माझे हात असे शिवशिवायचे की पहिल्या हंगामात मी ते पदरात गुंडाळून बसत असे.

आता हा साप कुठला ते सांगते. मूळचा अमेरिकेतला, बिनविषारी, उंदीर खाणारा, आपल्या धामणीचा लांबचा नातेवाईक म्हणा, पण अंगाने लहान आणि स्वभावाने गरीब. पोटावर काळे-पांढरे चौकोन असतात, रंगीत मक्याच्या कणसासारखे, म्हणून म्हणे इंग्रजीत कॉर्न स्नेक. आमच्या घरात त्याचं नाव मक्याचा साप. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे. हा परदेशी, त्यामुळे सरकारदरबारी नोंद करून पाळता येतो. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी वनखात्याची गाडी दिसली की शेजारीण मला निरोप धाडायचीच, "सुमन, लपव गो तुझी पोरं."

साधा मक्याचा साप नारिंगी असतो, पाठीवर लाल ठिपके, ठिपक्यांना काळी किनार. पण गिऱ्हाईक साध्याला विचारत नाही. गिऱ्हाइकाला हवा पिवळा, पांढरा, गुलाबी, पाठीवर ठिपक्यांऐवजी पट्टे असलेला. ते रंग काही आम्ही ब्रश घेऊन लावत नाही. ती सगळी सोयरिकीची करामत.

प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाचे दोन दाणे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा काळा रंग तयार करणारा दाणा. दोन्ही दाणे चांगले असले तर काळा रंग येतो. एक चांगला आणि एक मुका असला, तरी चांगला दाणा एकटा काम ओढून नेतो, साप अगदी साधा दिसतो. दोन्ही मुके निघाले तर मात्र अंगात काळा रंगच नाही. मग लालभडक डोळ्यांचा, नारिंगी-पांढरा साप जन्मतो. लाल रंगाचंही तसंच. काळा नाही आणि लालही नाही असा निघाला तर तो जवळपास पांढरा.

गंमत मधल्या सापाची आहे. बाहेरून साधा, आणि पोटात मुका दाणा घेऊन फिरणारा. असे दोन साधे एकत्र आले की चारात एक पिल्लू रंगीत निघतं. तेही सरासरीने, साप काही पाढे म्हणत अंडी घालत नाहीत. म्हणून मी सोयरीक जुळवताना तोंडावर जात नसे. आई कोण, बाप कोण, आजोळ कुठलं, हे आधी. आपल्यात तरी दुसरं काय करतात?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बाई मोबाइलवर सोफ्याचा फोटो घेऊन आल्या होत्या, त्या रंगाला शोभणारा हवा म्हणून. मी त्यांना गुलाबी-नारिंगी छटेचा दाखवला. त्यांनी तो सोफ्याच्या फोटोशेजारी धरून बघितला आणि म्हणाल्या, "जरा फिका नाही मिळणार?" एक बिल्डर पांढरा साप बघून हात जोडून उभे राहिले. म्हणाले, फणा कधी काढेल? मी सांगितलं, याला फणा नसतो. ते म्हणाले, "लहान आहे म्हणून असेल." वयाचा नव्हे, जातीचा प्रश्न आहे हे मी तीन प्रकारे सांगितलं. जाताना त्यांनी मला सांगितलं, "फणा फुटला की फोन करा."

पण सांगायची गोष्ट आहे ती माझ्या सासऱ्यांची, नानांची.

नाना म्हणजे आमच्या भागात भाताच्या बियाण्याचे जाणकार. त्यांचं काम असं की बियाण्यासाठी राखलेल्या शेतात, लोंब्या भरल्या की बांधावरून चालायचं आणि जे रोप बाकीच्यांसारखं नाही ते उपटायचं. एखादं उंच, एखाद्याच्या दाण्याला भलती कुसळं, एखादं लाल दाण्याचं. ही सगळी भेसळ. ती राहिली तर पुढच्या वर्षी जात बिघडते. नानांची नजर अशी की आसपासच्या गावची माणसं कापणीआधी त्यांना शेतावर घेऊन जात. नाना बोट दाखवत, माणसं उपटत.

माझा पाय मोडला आणि मी प्लास्टरमध्ये अडकले, तेव्हा डॉक्टरांच्या सापांकडे बघायला नाना जाऊ लागले. सापाची भीती त्यांना नव्हतीच. उलट घरी येऊन सुनावायचे, "तुजे साप बरे हाईत गो सुमन. खातात नि गप पडतात. तोंड चालवत नाय."

डॉक्टरांकडे तेव्हा एक नर होता, जांभूळ नावाचा. करडा, त्यावर जांभळी झाक, डोळ्यांत माणकासारखी चमक. त्या रंगाला धंद्यात लव्हेंडर म्हणतात, आणि तोही मुक्या दाण्याचाच खेळ. एवढा एकच लव्हेंडर आमच्याकडे होता, आणि डॉक्टरांचा त्याच्यावर फार जीव. म्हातारा झाला होता. त्याची जोडी मी एका साध्या मादीशी लावली होती. पिल्लं निघाली ती सगळी साधी, नारिंगी. तशीच निघायची होती. बापाने प्रत्येकाला एक मुका दाणा दिला होता, आईने चांगला. म्हणजे एकूण एक पिल्लू साधं दिसत होतं आणि एकूण एक पिल्लाच्या पोटात जांभळा रंग होता.

हे मी नानांना सांगितलं नव्हतं. घरात माझ्या पायाचं बोलणं चाललेलं, सापांच्या दाण्यांचं कोण काढणार. आणि डॉक्टर फोनवर बोलले, "नाना, साधी पिल्लं कुणी मागितली तर देऊन टाका." त्यांच्या मनात दुसऱ्या जोडीची पिल्लं होती.

नाना डब्यांच्या मांडणीसमोरून चालले, बांधावरून चालावं तसे. जांभूळची पिल्लं बघितली. बापासारखं एकही नाही. म्हणजे जात बिघडली, भेसळ झाली. आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी एकेक करून सगळी देऊन टाकली. फक्त एक नर उरला, तोही कुणी घेतला नाही म्हणून. खात नव्हता, किडकिडीत होता, डबा उघडला की तोंड फिरवून बसायचा. त्याचं नाव पडलं रुसक्या.

त्याच पावसाळ्यात जांभूळ गेला. डॉक्टर आले, त्याला करंजाच्या झाडाखाली पुरलं आणि म्हणाले, "पिल्लं आहेत ना त्याची. दोन-तीन वर्षांनी पुन्हा येईल हा रंग." नाना बाजूलाच उभे होते. त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "ती पिल्लं नं? समदी काढून टाकली, डाक्टर. बापावर एकबी गेला नव्हता."

डॉक्टरांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी नानांना शेजारी बसवून दाण्यांचा हिशेब समजावला, शांतपणे, दाढ काढायच्या आधी समजावतात तसा. नानांना पहिल्या फटक्यात कळलं. बियाण्याचा माणूस तो. कळलं म्हणूनच त्यांना लागलं.

त्या दिवसापासून नानांनी फार्महाऊसवर पाऊल टाकलं नाही. ते एक वेळ ठीक. पण भात पोसवलं, लोंब्या भरल्या, गावची माणसं बोलवायला आली, तर नाना ओट्यावरून उठेनात. "दुसरा कोन बगा. माजी नजर गेली." नजर गेली नव्हती, दोन शेतं पलीकडे कुणाची म्हैस शिरली ते बसल्या जागी सांगत होते. गेला होता तो स्वतःवरचा भरवसा. आयुष्यभर साधं-वेगळं निवडणाऱ्या माणसाला कळलं होतं की डोळ्याला दिसतं त्याच्या आत आणखी काही असतं. दुसऱ्या वर्षीही तेच. मला ते बघवेना. सापाचा रंग गेला तर गेला, डॉक्टरांनी दुसरा आणला असता. माझा म्हातारा ओट्यावर बसून विझत चालला होता, आणि त्याला उठवायचं तर तोच रंग परत आणायला हवा होता.

त्यासाठी रुसक्याला बायको हवी होती, आणि तीही तोच मुका दाणा पोटात असलेली, म्हणजे त्याचीच एखादी बहीण. सापांत चालतं. वारंवार नाही, पण एखाददुसऱ्या वेळी पैदासवाले करतात. मी नानांना विचारलं, कुणाकुणाला दिली पिल्लं? त्यांना नावं आठवेनात, माणसं आठवली. एकाच्या घराला कुलूप, एकाचा साप मेलेला, एकाने पुढे तिसऱ्यालाच दिलेला. शेवटी म्हणाले, "वाशिंदची येक मास्तरीण व्हती. पोरगीच. तिची आय बाहेर गाडीतच बसली व्हती, साप घरात आला तर मी जाईन म्हनत."

वाशिंदला साप पाळणारी शिक्षिका शोधायला कष्ट पडले नाहीत. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानेच बिल्डिंगखाली सोडलं, वर मात्र आला नाही.

दार आईने उघडलं. तीच, गाडीत बसून राहिलेली. खांद्यावर टॉवेल, आणि टॉवेलात साप. मादी होती, छान भरलेली, चमकदार. नाव शेवंती. मुलगी, अश्विनी, शाळेतून यायची होती. आईने मला बसवलं आणि शेवंतीचं कौतुक सुरू केलं. तिला पंख्याचा वारा सोसत नाही, कात टाकताना तिला कुणी बोललेलं आवडत नाही, पाहुणे आले की ती बिछान्याखाली जाते. "लाजाळू हाय आमची."

मी हळूच विषय काढला. म्हटलं, आमच्याकडे एक मुलगा आहे.

मावशी, म्हणजे अश्विनीची आई, सावरून बसल्या. "कसा हाय?"

"जरा बारीक आहे."

"खातापितो ना?"

"आता खातो."

"घरचं कोन?"

"नात्यातलाच आहे," मी म्हटलं आणि चहाच्या कपात बघू लागले.

"मामाचा मुलगा?"

मी चहा संपवला. तेवढ्यात अश्विनी आली. तिने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली. शेवंतीला ती कुठेही पाठवणार नव्हती. अंडी घालताना मादीला त्रास होतो हे तिने वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. मी म्हटलं, म्हणूनच आमच्याकडे पाठव. अंडी अडली तर डॉक्टर आहेत, मी आहे, मशिन आहे. ती मान हलवत राहिली. मला दुसरं काही सुचेना. मी मावशींकडे वळून म्हटलं, "शेवंतीचा जन्म आमच्याकडचा. पहिलं बाळंतपण आहे. तुम्हीच सांगा, कुठे करायचं?"

मावशींनी लेकीकडे बघितलं. "त्यांचा बरोबर हाय गो. पयलं बाळतपन म्हायेरी."

त्यापुढे अश्विनीचं काही चाललं नाही. तिने एकच अट घातली. पिल्लं निघाली की पहिली निवड तिची. मी डॉक्टरांना फोन लावला. ते कुणाच्या तरी तोंडात हात घालून उभे होते बहुतेक. अर्धवट ऐकून "हो, हो, कबूल" म्हणाले.

हिवाळ्यात दोघी मायलेकी शेवंतीला घेऊन आल्या. आमचं घर रस्त्यावर, म्हणून आधी चहाला थांबल्या. डब्याच्या झाकणावर मावशींनी हळदकुंकू वाहिलं होतं. नाना ओट्यावर होते. ते डबा जवळ ओढून झाकणाच्या भोकातून बराच वेळ बघत बसले. "माज्याच हातची गेल्ती ही," एवढंच म्हणाले.

फार्महाऊसवर मावशींना नवरदेव दाखवणं भाग होतं. रुसक्याने नेमका तोंड फिरवायचा मुहूर्त साधला. मावशी म्हणाल्या, "ह्यो? आनि नात्यानं कोन म्हनायचा?" डॉक्टर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. ते म्हणाले, "सख्खा भाऊ." मावशींनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. परत जाईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मात्र जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबून गेल्या. साप उंदीर खातो हे त्यांना ठाऊक होतं. लाडू माझ्यासाठी होते की रिवाजासाठी, ते मी विचारलं नाही.

गारठा सरल्यावर जोडी लागली. उन्हाळ्यात शेवंतीने ओल्या शेवाळाच्या डब्यात अंडी घातली, काही अडलं नाही. मी खुणा केल्या, अभ्रकाच्या हलक्या ओलसर भुशात ती ठेवली, मशिनचं दार लावलं. दोन महिने वीज जाऊ नये म्हणून मी जेवढे नवस बोलले त्यातले अर्धे अजून फेडायचे आहेत. नाना रोज संध्याकाळी फार्महाऊसच्या फाटकापर्यंत येत, तिथूनच विचारत, "हाईत का?" मी "हाईत" म्हटलं की परत फिरत.

पिल्लं अंड्याला आतून चीर पाडतात आणि तोंड बाहेर काढून तसंच बसून राहतात, बाहेर यायची घाई कुणालाच नसते. पहिलं तोंड बाहेर आलं, साधं. दुसरं, साधं. मग साधंच, साधंच. एक अंडं तर आधीच खराब झालेलं. शेवटच्यातून एक ओलं, मळकट डोकं डोकावलं. मला तेही साधंच वाटलं, अजून सुकलं नाही म्हणून काळपट दिसतंय असं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फाटकाशी जाऊन नानांना म्हटलं, "नाय झालं, नाना. सगळी साधी."

नानांनी चपला काढल्या, नळावर पाय धुतले आणि आत आले. दोन वर्षांनी. मशिनसमोर वाकून प्रत्येक तोंड बघितलं, सावकाश, एकाही अंड्याला हात न लावता. शेवटच्यापाशी थांबले. मोबाइलचा उजेड धरायला सांगितला. उजेडात त्या मळकट डोक्यातला डोळा लाल चमकला.

"ह्यो आज्यावर गेलाय," नाना म्हणाले आणि जमिनीवरच बसले.

एक. सगळ्या अंड्यांत एकच लव्हेंडर. डॉक्टर रात्री दवाखाना टाकून आले आणि लहान मुलासारखे हसत राहिले. पहिली कात टाकल्यावर रंग आणखी खुलला. आणि मग मला ती अट आठवली.

अश्विनी आणि मावशी शेवंतीला न्यायला आल्या तेव्हा मी सगळे डबे ओळीने मांडले. लव्हेंडरचा डबा शेवटी ठेवला, जमेल तितका आडोशाला. अश्विनी सरळ त्याच्यापाशी गेली. पिल्लू तिच्या बोटांभोवती गुंडाळलं. तिचा चेहरा असा उजळला की तिच्यावर रागावताही येईना. "मला हा हवा," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा बधिर झाल्यासारखा दिसत होता. मावशींनी लेकीचा हात धरला, "गो, त्यांच्याकडं एकच हाय तो. दुसरा घे."

"नेऊ दे तिला," नाना म्हणाले. "सबूद दिलाय आपन."

ज्या पिल्लासाठी हा माणूस दोन वर्षं ओट्यावरून उठला नव्हता ते पिल्लू वाशिंदला निघालं होतं, आणि तो शांतपणे उरलेल्या साध्या पिल्लांचे डबे एकेक करून मांडणीत आत सरकवत होता.

"ह्यातलं एकबी विकायचं नाय," ते म्हणाले.

डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले, "नाना, या वेळी सगळ्यांच्या पोटात तो रंग नाही. तिनातल्या दोघांच्या पोटात असेल. तिसऱ्याच्या नाही."

"कुठले दोन?"

"ते बाहेरून नाही सांगता येत."

"मंग तीनबी ठेवायचे," नाना म्हणाले आणि खुर्ची ओढून मांडणीसमोर बसले. "सुमन, खात नाय तो कोनचा, त्यो आदी दे हिकडं."

त्या वर्षी भात पोसवलं तेव्हा गावची माणसं बोलवायला येण्याआधीच नाना बांधावर उभे होते. मी बाजूने चालत होते. एका उंच रोपापाशी ते थांबले, बोट उचललं, आणि कुणी ते रोप उपटायच्या आधी त्यांनी लोंबी हातात घेऊन एक दाणा सोलून बघितला.